किती देते?

मोटार घेतलेल्या माणसाला पहिले सहा महिने लोक विचारतात, "केवढ्याला पडली?" त्यानंतर जन्मभर विचारतात, "किती देते?" या दुसऱ्या प्रश्नाचे सरळ उत्तर देणारा गाडीवाला मला अजून भेटायचा आहे. गाडी नवी असेल तर मालक आकडा दोनने वाढवून सांगतो, विकायची असेल तर चारने. आणि पेट्रोलचे पैसे ज्याला कचेरीतून मिळतात, तो हमखास दोनने कमी सांगतो.

या सदराकडे वर्षभर जी पत्रे येतात त्यांतली निम्मी याच प्रश्नाची असतात. दिवाळी जवळ आली की त्यांत थंडीची भर पडते. पहाटे गाडी लवकर चालू होत नाही, हिवाळ्यात ॲव्हरेज पडते, गावी जायचे आहे तर काय काय तपासू, असे सगळे. दिवाळी अंकात जागा थोडी सैल मिळते, म्हणून या मंडळींशी एकदमच बोलून घेतो. उदाहरणाला आमचाच रस्ता बरा पडेल: पुणे ते नांदूरघाट. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातले, बालाघाटच्या पठारावरचे हे आमचे गाव. पुण्याहून निघावे, नगर, आष्टी, जामखेड करीत सौताड्याचा चढ चढावा, पाटोदा मागे टाकून मांजरसुंब्याला चहा घ्यावा आणि मग केजच्या अंगाने आत वळावे. रुंद महामार्ग, चढ, उतार, खड्डे, धुके आणि उसाच्या गाड्या, सगळे या एका रस्त्यात येते. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली, ती याच वाटेच्या पहिल्या तुकड्यावर, पुणे आणि नगरच्या दरम्यान. आमचे बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्यामुळे त्या लाल गाडीला आमच्यापर्यंत यायला अंमळ वेळ लागला.

आता आकड्याविषयी. जाहिरातीत छापलेला आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या गाडीचाही नसतो. तो निघतो पुण्याच्या वेताळ टेकडीवर असलेल्या, १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआयसारख्या संस्थेत. तिथे गाडीची चाके रोलरवर ठेवून, ठरलेल्या वेगाने, ठरलेला वेळ गाडी चालवतात. तिथे चांदणी चौक नसतो, समोरून येणारा वारा नसतो आणि मागच्या सीटवर तीन मुले व चकलीचा डबा नसतो. आपला आकडा आपणच काढावा. पंपावरची नळी आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरावी आणि किती लिटर बसले त्याने भागावे. असे चार-पाच वेळा केले की मगच त्या आकड्यावर विश्वास ठेवावा. माझ्याकडे यासाठी किराणा दुकानाने फुकट दिलेली एक वही आहे. घरात तिची थट्टा होते. पण गाडीला बरे वाटेनासे झाले की डॉक्टरच्या आधी ती वही सांगते.

सकाळी गाडी चालू करून ठेवायची आणि मग आंघोळीला जायचे, ही पद्धत आमच्या वडिलांच्या पिढीची. तिला तेव्हा कारण होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट घ्या, नाहीतर २०१४ साली जिचे उत्पादन थांबले ती अँबॅसडर घ्या. या गाड्यांत कार्बुरेटर असे. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी आणि पेट्रोल जास्त द्यावे लागे. तरी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत आचके देत जाई. आजच्या गाड्यांत हे काम संगणक करतो. थंडी ओळखून तो स्वतःच पेट्रोल वाढवतो आणि इंजिन तापले की कमी करतो. मुख्य म्हणजे इंजिन जागेवर उभे राहून जितके हळू तापते त्याहून चालताना लवकर तापते. गाडी चालू केल्यावर अर्ध्या मिनिटात निघावे आणि पहिले दोन-तीन किलोमीटर पाय हलका ठेवावा, एवढे पुरे. आंघोळ आधी उरकावी.

हिवाळ्यात ॲव्हरेज पडते ही तक्रार मात्र खरी आहे, आणि तिचे मूळ लांबच्या प्रवासात नसून घरापासून दोन किलोमीटरवरच्या शाळेत आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दिलेला हिशेब असा, की उणे सात अंशांच्या थंडीत शहरात फिरणारी गाडी पंचवीस अंशांच्या मानाने सुमारे १५ टक्के कमी चालते आणि पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत हा तोटा २४ टक्क्यांपर्यंत जातो. आपल्याकडे उणे सात नाही; पठारावर डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास उतरतो एवढेच. तत्त्व मात्र तेच. सकाळी मुलाला शाळेत सोडून परत यायचे, गाडी गार होऊ द्यायची, मग भाजीला जायचे, पुन्हा गार, मग बँकेत. प्रत्येक वेळी इंजिन थंड, प्रत्येक वेळी जादा पेट्रोल. तीन कामे एका फेरीत करावीत. शाळा चालण्याइतकी जवळ असेल तर चालावे, हेही सांगितले असते. पण मोटारीच्या सदरात ते शोभत नाही.

थंडीच्या तयारीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे चाकातली हवा. हवा थंड झाली की आकसते. साधारण सहा अंशांनी गारवा वाढला की चाकातला दाब एक पौंडाने उतरतो. ऑक्टोबरच्या दुपारी, तेहतीस अंशांच्या उन्हात तुम्ही हवा भरून घेतली. जानेवारीच्या पहाटे तीच गाडी अकरा अंशांत उभी आहे. कुठेही पंक्चर नसताना साडेतीन पौंड गेले. शिवाय रबरातून दर महिन्याला थोडी हवा झिरपतेच. कमी हवेचे चाक रस्त्यावर पसरते, ओढायला जड जाते, कडेने झिजते आणि लांबच्या प्रवासात आतून तापते. पेट्रोलचे नुकसान तसे थोडे, पौंडामागे सुमारे ०.२ टक्के. चाकाचे आणि तुमच्या काळजाचे नुकसान त्याहून मोठे. तेव्हा हवा सकाळी, चाके गार असताना, घराजवळच्याच पंपावर तपासावी. किती भरायची ते चाकाच्या कडेवर पाहू नये. तिथला आकडा चाक जास्तीत जास्त किती सोसते याचा असतो. खरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो आणि त्यात बहुधा दोन रकाने असतात: एक मोकळ्या गाडीचा, दुसरा भरलेल्या गाडीचा. गावी निघताना दुसरा रकाना आपला. स्टेपनी विसरू नये. पाटोद्याच्या पुढे रात्री स्टेपनीत हवा नाही असे कळणे हा अनुभव मी कोणाला चिंतणार नाही.

बाकीची तयारी झटपट सांगतो. बॅटरी थंडीने मरते असा समज आहे. आमच्या मराठवाड्यात तिला मारतो तो मे महिन्याचा बेचाळीस अंशांचा उन्हाळा. डिसेंबरची पहाट फक्त ते उघडकीला आणते. तीन-चार वर्षांची बॅटरी असेल तर दिवाळीपूर्वी दुकानात भाराखाली तपासून घ्यावी, टोकांवरची पांढरी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून वर व्हॅसलीन लावावे. ऑइलच्या डब्यावर '५डब्ल्यू-३०' असे काही छापलेले असते, त्यातला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, थंडी. त्याच्या आधीचा आकडा लहान, तितके ते तेल गारठ्यात लवकर धावते. गाडीच्या पुस्तकात जे लिहिले आहे तेच घालावे; "जाड तेल म्हणजे ताकद" हे कोपऱ्यावरचे शास्त्र नव्या इंजिनांना मानवत नाही. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतू नये. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही म्हणून कूलंट कशाला, असे पुष्कळजण म्हणतात. पण कूलंट गंज थांबवतो आणि पाण्याचा उकळबिंदू वाढवतो, आणि बोअरच्या पाण्यातले क्षार आतल्या नळ्यांत किटलीसारखे साचतात. लडाखची गोष्ट वेगळी. तिथे डिझेलच गोठते. म्हणून २०१९ साली इंडियन ऑइलने उणे तेहतीस अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल तिथे नेले. आपल्याकडे शत्रू निराळा आहे. सुगीनंतर शेतातले उंदीर उबेला येतात आणि बॉनेटखाली वायरी कुरतडतात. गणपतीचे वाहन आपल्या वाहनात शिरले की मेकॅनिकला वर्गणी द्यावी लागते. गावात गाडी दोन दिवस उभी राहणार असेल तर रोज एकदा बॉनेट उघडून पाहावे.

आता रस्त्यावर. केंद्र सरकारच्या पेट्रोलियम खात्याची पीसीआरए नावाची एक संस्था १९७८ पासून इंधन कसे वाचवावे हे सांगत आली आहे. तिचे म्हणणे, ताशी ४५ ते ५५ किलोमीटरने गाडी चालवली तर ८०च्या मानाने ४० टक्क्यांपर्यंत जादा अंतर मिळू शकते. नव्या गाड्यांना महामार्गावर इतके हळू जाववत नाही, आणि मागचे ट्रकवालेही जाऊ देत नाहीत. माझ्या वहीत साठ-सत्तरच्या दरम्यान चाललेल्या प्रवासाला लिटरमागे १९ किलोमीटरची नोंद आहे आणि नव्वद-शंभरने आलेल्या प्रवासाला १५ची. कारण उघड आहे: वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. वाचलेल्या वेळाचाही हिशेब करावा. शंभर किलोमीटरच्या टप्प्यात साठऐवजी ऐंशीने गेलात तर पंचवीस मिनिटे वाचतात, आणि ती आपण पुढच्या हॉटेलात मिसळ यायची वाट पाहण्यात घालवतो. टपावर सामान बांधण्याचा मोहही आवरावा. टपावरचा मोठा पेटारा महामार्गावर ६ ते १७ टक्के पेट्रोल खातो. तेच सामान आत मावले तर पंचेचाळीस किलोला एखादा टक्का. अर्थात येताना सासूबाई उडीद-मुगाची पोती देतात तेव्हा टक्केवारी काढायची नसते.

पण पेट्रोल वाचवण्याच्या ज्या युक्तीबद्दल मला सगळ्यात जास्त पत्रे येतात, ती उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडण्याची. या विषयावर आमचे तात्या बोलू शकतात. तात्या म्हणजे माझे चुलते. एकतीस वर्षे एस.टी. चालवून निवृत्त झाले आणि नांदूरघाटला राहतात. एस.टी.त डिझेलचा हिशेब दहा लिटरला किती किलोमीटर असा ठेवतात, आणि त्यात तात्यांचा आकडा नेहमी वरचा असे.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे बीडला कंकालेश्वराच्या दर्शनाला निघालो. गाडी मेहुण्यांची, तेच चालवत होते, शेजारी तात्या, मागे आम्ही. मांजरसुंब्याचा घाट उतरायला लागला तशी मेहुण्यांनी गाडी न्यूट्रल केली आणि मोठ्या समाधानाने म्हणाले, "बघा तात्या, आता बीडपर्यंत फुकटात."

"कामून न्यूटल केली पाव्हणं?"

"पेट्रोल वाचतंय."

"पेट्रोल वाचतंय, पण गाडी आता तुमची ऱ्हायली नाही. उताराची झाली. आधी गिअर टाका, मग बोलू."

पाहुण्याला असे कोणी बोलत नाही. मेहुण्यांचा चेहरा उतरला. पण गिअर पडला.

तात्यांचे म्हणणे अनुभवाचे होते, त्याला यंत्राचाही आधार आहे. कार्बुरेटरच्या गाडीत पाय उचलला तरी इंजिन थोडे पेट्रोल ओढतच राही, त्यामुळे न्यूट्रल केल्याने चार थेंब वाचत असतील. इंजेक्शनच्या गाडीत हिशेब उलटा झाला. गाडी गिअरमध्ये उतरत असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की संगणक पेट्रोल पूर्ण बंद करतो. चाकेच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केली की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पुन्हा पेट्रोल द्यावे लागते. म्हणजे ज्याला फुकट म्हणायचे त्याचे पैसे पडतात, आणि जे खरोखर फुकट असते ते आपण सोडून देतो. शिवाय इंजिनाची ओढ सुटल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पॅडल दाबूनही गाडी दबत नाही. काही बहाद्दर तर चावीच बंद करतात. मग ब्रेकला मदत करणारी निर्वात टाकी दोन-तीन दाबांत संपते, स्टिअरिंग दगडासारखे होते, आणि चावी काढली गेली तर ते अडकतेसुद्धा. ज्या गिअरने घाट चढलो त्याच गिअरने उतरायचे, हा एस.टी.चा जुना नियम अजून खरा आहे. क्लच नसलेल्या गाड्यांतही खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते. ती पुस्तकात शोधून ठेवावी.

मग तात्यांचा आकडा वर कसा असे? मी एकदा विचारले होते. ते म्हणाले, "बिरेक मारला की समजायचं, जाळलेलं डिझेल वाया गेलं. म्हणून लांब बघायचं." समोरच्या वळणावर बैलगाडी आहे, थांब्यावर माणसे उभी आहेत, हे दोनशे मीटरवरून दिसले की ते पाय उचलत आणि गाडी आपोआप मंदावे. पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून वेग घ्यायचा आणि लगेच ब्रेक मारायचा, या आपल्या शहरी सवयीने महामार्गावर १५ ते ३० टक्के इंधन वाया जाते, असे तो अमेरिकन हिशेब सांगतो. तात्यांनी तो वाचलेला नाही.

या वर्षी पत्रांत आणखी एक तक्रार वारंवार आली: गाडी तीच, रस्ता तोच, तरी आकडा उतरला. त्याचे एक कारण टाकीत आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. नीती आयोगाने २०२१ च्या अहवालातच अंदाज दिला होता, की जुन्या बेताच्या चारचाकींचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी आणि त्यासाठी जुळवलेल्यांचे १ ते २ टक्क्यांनी उतरेल. तेव्हा लगेच मेकॅनिकवर संशय घेऊ नये. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या तेवढ्या तपासून घ्याव्यात, आणि गाडी महिना-महिना उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी ठेवू नये, कारण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते.

हे इथेनॉल काही मका-तांदळाचे, काही उसाचे. आणि ऊस तोडतात आमच्या भागातली माणसे. दिवाळी उरकली की केज, पाटोदा, धारूर, वडवणीच्या गावांतून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. लेकरे, भांडी, कोंबड्या ट्रॉलीत घालून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जायचे ते उन्हाळ्यातच परतायचे. गावातली घरे तेवढे महिने म्हाताऱ्यांवर असतात. म्हणजे थंडीत आपण मौजेसाठी, हुरड्यासाठी ज्या रस्त्यावर येतो, त्या रस्त्यावर हे लोक कामावर असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर मावेल त्याहून जास्त ऊस, मागे दिवा नाही, असलाच तर उसाच्या शेंड्यांनी झाकलेला.

म्हणून माझ्या मते या प्रवासातली सगळ्यात महाग काटकसर म्हणजे "रविवारी रात्री जेवून निघू, सुट्टी वाचेल". आमच्याकडे हा वाद दरवर्षी होतो आणि मी दरवर्षी सोमवारची रजा टाकतो. उजाडल्यावर निघावे. तरीही जानेवारीत धुके गाठतेच. दोन वर्षांपूर्वी जामखेडच्या अलीकडे सकाळचे सात वाजून गेले होते, तरी समोर वीस पावलांपलीकडे काही दिसत नव्हते. आम्ही चाळीसने होतो. एकाएकी रस्त्यात जाळ दिसला. पाचट पेटवले होते, आणि त्याच्या अलीकडे एक बाई पदर हातात धरून हलवीत उभी होती. जाळाच्या मागे उसाची ट्रॉली, आस मोडून आडवी. पुरुष माणसे चाकाखाली होती, दोन पोरे उसाच्या मोळीवर बसलेली. आम्ही थांबलो. आमच्या मागचा टेंपोही, आमचे दिवे दिसल्यामुळे, थांबला. ती बाई पहाटे चारपासून तशी उभी होती.

धुक्यात दिवे खाली पाडावेत. वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावू नयेत, मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय हे कळत नाही. डाव्या कडेची पांढरी रेघ धरावी. काचेला आतून वाफ धरली तर पेट्रोलचा विचार न करता एसी लावावा, तो हवा कोरडी करतो आणि दोन मिनिटांत काच स्वच्छ होते. पावसाळ्याने फाडलेले वायपरचे रबर दिवाळीआधीच बदलावे.

तात्यांचा उद्योग मात्र निराळा आहे. भाऊबीज झाली की ते सकाळपासून वेशीपाशी खुर्ची टाकून बसतात, आणि गावातून निघणारी एकही ट्रॉली, एकही बैलगाडी रेडियमची पट्टी लावल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. मुकादम कुरकुरतात, पण जुन्या ड्रायव्हरला कोणी काही म्हणत नाही. पट्ट्या पुण्याहून न्यायचे काम माझ्याकडे. एका बंडलात पुष्कळ गाड्या होतात, आणि बंडल आमच्या जाण्या-येण्याच्या पेट्रोलपुढे काहीच नाही. यंदाचा निरोप परवा फोनवर आला: "मागं लावायला लाल दोन बंडलं आन, पुढं लावायला पांढरं एक. आन् जुनी फडकी आन गाडीभर. धूळ पुसल्याबिगर चिकटत नाही ते."